ट्रॅपडोअरची गोळी: साच्यावरचा आकडा आणि नळीचं खरं माप

शंभर यार्डांवर दहा गोळ्या मारल्या. कागदाला लागल्या चार, आणि त्यातल्या दोन चक्क आडव्या. भोक गोल नाही, इंचभर लांब. घरी येऊन नळीत डोकावलं तर आत शिशाचे चंदेरी पापुद्रे. ते खरवडण्यात आख्खा रविवार गेला.

रायफल 1884 मॉडेलची स्प्रिंगफिल्ड, मागची झडप वर उघडणारी, म्हणून हिला ट्रॅपडोअर म्हणतात. काडतूस .45-70 या नावाचं. नळीत तीन चर, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचा, 22 इंचांत एक वेढा. गोळ्या मी घरीच ओततो. साच्यावर 458 कोरलेलं होतं, म्हणजे गोळीचा व्यास 0.458 इंच, मी ते खरं मानलं. भोसरीच्या टूलरूममध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसानं माप न घेता पुढे जावं? इथे ओहायोत मुलीकडे राहायला आल्यापासून हात ढिला पडला, दुसरं काय.

नळीला व्यास दोन असतात. एक उंचवट्यांमधला, दुसरा चरांच्या तळांमधला. ओतीव गोळी या दुसऱ्या व्यासापेक्षा एक-दोन थाऊ जाड हवी (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). बारीक राहिली की गरम वायू बाजूनं निसटतो, शिसं कापत जातो, ते नळीला थापतो, आणि गोळी चर धरत नाही. काळी दारू आणि मऊ शिसं असेल तर धक्क्यानं गोळी स्वतःच फुगून चर भरते, जुन्या लोकांचं त्यावर निभायचं. माझ्या गोळ्या मोटारीच्या चाकांना लावतात त्या वजनांच्या, म्हणजे कडक. त्या कुठल्या फुगतायत!

आता माप. झडप उघडा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे हे डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही बघा. नळी पुसून आत तेलाचा हात फिरवा. गळाला लावायचं मऊ शिशाचं वजन घ्या, नळीच्या तोंडापेक्षा किंचित जाड. लाकडी हातोडीनं तोंडात ठोका. कडेनं शिशाची बारीक चकती सुटली म्हणजे नळी पूर्ण भरली. पुढे पितळी गजानं ढकला. लाकडी दांडा नको, तो तिरपा चिरतो आणि पाचरीसारखा अडकतो. तोंडापासचे दोन-चार इंच गेले की ठोकू नका, हातानंच दाबा. कुठे घट्ट लागतं, कुठे सटकन पुढे जातं, ते हाताला कळतं. माझ्या नळीत चेंबरच्या अलीकडे वीतभर जागा सैल निघाली. दीडशे वर्षं व्हायला आलेल्या नळीला एवढं माफ. पण अशी सैल जागा असेल तर दुसरं शिसं फक्त तेवढ्या भागातून फिरवून वेगळं मोजा.

खरी मेख पुढे आहे. चार चर असतील तर चरासमोर चर येतो, मायक्रोमीटर लावला की काम झालं. तीन चरांच्या नळीत चरासमोर उंचवटा येतो. त्यामुळे ढकललेल्या शिशावर एका बाजूला फुगवटा, तर बरोब्बर समोर खळगा. मायक्रोमीटरनं 0.456 दाखवलं आणि मी खूश, म्हटलं आपली 0.458 ची गोळी तर दोन थाऊ जाडच आहे! पण तो आकडा दोन्ही व्यासांची सरासरी असतो. नळीच्या तोंडात पिन गेज (नेमक्या व्यासाच्या पोलादी कांड्या) घालून बघितले: 0.451 ची अलगद गेली, 0.452 ची शिरेना. म्हणजे उंचवट्यांमधला व्यास 0.451. आता 0.456 ची दुप्पट 0.912, त्यातून 0.451 वजा: 0.461. माझी गोळी तीन थाऊ बारीक होती. तीन खोबणींच्या कामासाठी V आकाराच्या ऐरणीचा (ऐरण म्हणजे मायक्रोमीटरचा स्थिर जबडा) मायक्रोमीटर मिळतो, मित्राच्या मायक्रोमीटरवर ताडून पाहिलं, तेच आलं. व्हर्नियर या कामाला नको. थाऊचा हिशोब त्याच्या भरवशावर होत नाही.

म्हणजे गोळी 0.462. पण थांबा, ती चेंबरमध्ये मावली पाहिजे. सोपी परीक्षा: याच रायफलमधून उडवलेली रिकामी पुंगळी घ्या, तोंड न आवळता. नवी गोळी तिच्यात बोटानं सहज उतरली तर ठीक. अडकली तर काडतूस चेंबरमध्ये गच्च बसेल, पुंगळीचं तोंड उघडायला जागा राहणार नाही आणि दाब भलताच वाढेल. अशा वेळी एक थाऊ कमी करा, हट्ट नको.

साच्यातून पडलेली गोळी मिश्रणाप्रमाणे बदलते. शुद्ध शिसं जास्त आकसतं, अँटिमनी असलेलं कमी. म्हणून आपल्याच मिश्रणाच्या दहा गोळ्या ओतून मोजा. मी वीस भाग शिसं, एक भाग कथील यावर आलो. माझा साचा एक-दीड थाऊ कमी पडत होता, तेव्हा त्याच्या एका पाकळीच्या आतल्या तोंडावर, पोकळी सोडून, उष्णता सोसणारी ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावली. साचा तेवढा उघडा राहतो, गोळी जाड पडते, जराशी लंबगोल. मग ती 0.462 च्या साइझिंग डायमधून, म्हणजे नेमक्या मापाच्या भोकातून, ढकलायची. जाड गोळी बारीक करता येते, तीही दोन-तीन थाऊंपर्यंतच. बारीक गोळी डायमधून जाड होऊन येत नाही.

ओतकाम उघड्या पडवीत, आणि भांड्याजवळ पाण्याचा थेंबही नको. वितळलेल्या शिशाखाली पाणी गेलं की वाफेनं सगळं तोंडावर उडतं. हात धुतल्याशिवाय चहाचा कप धरायचा नाही, हा आमच्या हिचा नियम आहे आणि तो बरोबर आहे.

पुढच्या शनिवारी दहाच्या दहा कागदावर, सगळी भोकं गोल. पसारा मात्र ताटलीएवढा. त्यात नळीचा दोष किती आणि माझ्या चष्म्याचा किती, ते अजून मोजायचंय.