वर्धापनदिनाचा सिगार मराठवाड्याच्या हवेत कसा सांभाळावा

तंबाखूचे एखादे जुने दुकान पंचवीस किंवा पन्नास वर्षे पूर्ण करते, तेव्हा निकाराग्वातील एस्तेली किंवा डॉमिनिकन प्रजासत्ताकातील सांतियागो अशा ठिकाणच्या कारखान्याकडून आपल्या नावाचा खास सिगार मोजक्या पेट्यांपुरता वळून घेण्याची पद्धत आहे. त्यावर बहुधा दोन कागदी पट्ट्या असतात, एक कारखान्याची आणि दुसरी वर्धापनदिनाची. या दुसऱ्या पट्टीने चवीत काहीच भर पडत नाही. मात्र पेट्या संपल्या की तोच सिगार पुन्हा मिळणे अवघड असते, आणि दुबईहून कोणी आणलेली पेटी लातुरात किंवा नांदेडात वाळून गेली तर ती बदलून घेण्याची सोय नसते. म्हणून साठवणीची तयारी पेटी घरी येण्याआधीच करावी.

पेटी भारतातच विकत घेत असाल, तर तिच्यावर सचित्र आरोग्य इशारा आहे का ते आधी पाहावे. 1 एप्रिल 2016 पासून हा इशारा पाकिटाच्या मुख्य बाजूंचा 85 टक्के भाग व्यापणारा असावा लागतो, आणि तो नसलेली पेटी बहुधा चोरट्या मार्गाने आलेली असते. इशारा उगाच छापलेला नाही. सिगारचा धूर छातीत ओढला नाही तरी तोंडाचा व घशाचा कर्करोग होऊ शकतो, आणि पेटी कितीही दुर्मीळ असली तरी हा धोका कमी होत नाही.

सिगारला साधारण 65 ते 70 टक्के सापेक्ष आर्द्रता आणि 18 ते 21 अंश सेल्सिअस तापमान मानवते. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारची हवा इतकी कोरडी होते की उघडा ठेवलेला सिगार दोन-चार दिवसांत कडक होऊन त्याचे बाहेरचे पान तडकू लागते. पुढे जुलै ते सप्टेंबर या काळात तीच हवा बुरशी येण्याइतकी दमट होते. उन्हाळ्यात घरोघरी चालणारा कूलर या प्रश्नाचे उत्तर नाही, कारण तो सुरू असताना खोली ओलसर होते, वीज गेली की काही वेळातच पुन्हा कोरडी पडते, आणि पान फुगत-आक्रसत राहून शेवटी उकलते. सततच्या कोरडेपणापेक्षा ही चढउतार अधिक घातक आहे.

यावर सर्वांत भरवशाचा आणि स्वस्त उपाय म्हणजे सिलिकॉनच्या रिंगचा, हवा आत-बाहेर न जाणारा काचेचा किंवा चांगल्या प्लास्टिकचा डबा. देखण्या लाकडी ह्युमिडोरचा, म्हणजे सिगार ओलसर ठेवण्यासाठीच्या खास पेटीचा, मोह इथे टाळावा असे माझे मत आहे. लाकूड स्वतः ओलावा शोषते, झाकणातून हवा जाते, आणि आपल्या उन्हाळ्यात ते सतत तहानलेलेच राहते. डब्यात मूळ पेटीतील सीडरच्या (सुवासिक लाकडाच्या) पातळ फळ्या ठेवाव्यात आणि आर्द्रता दोन्ही दिशांनी सांभाळणारी, म्हणजे ओलावा जास्त झाल्यास शोषणारी व कमी पडल्यास सोडणारी, 65 टक्क्यांची पुडी टाकावी; 60 ग्रॅमची एक पुडी सुमारे पंचवीस सिगारांना पुरते. स्पंज भिजवून ठेवण्याचा जुना प्रकार करायचाच असेल, तर बोअरचे पाणी कदापि वापरू नये, कारण त्यातील क्षार स्पंजवर साचतात. डिस्टिल्ड वॉटरच घ्यावे.

आत एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवावा, पण त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घेऊन, ते विरघळणार नाही इतपत पाण्याने ओले करावे, मापकासह बंद डब्यात एक दिवस ठेवावे. आकडा 75 यायला हवा. जेवढा फरक पडेल तेवढा पुढे प्रत्येक वाचनात धरावा.

डबा घरातील सर्वांत थंड, अंधाऱ्या खोलीत, शक्यतो तळमजल्यावर आणि पश्चिमेच्या भिंतीपासून दूर ठेवावा. डांबरगोळ्या असलेले कपाट आणि कापूर-उदबत्तीचा देव्हारा यांच्या जवळची जागा टाळावी. तंबाखू वास फार लवकर पकडते. फ्रीज कोरडा असतो, शिवाय त्यात लसणाची चटणीही असते.

तापमान 24-25 अंशांच्या वर टिकून राहिले, तर पानात आधीपासून असलेली तंबाखूच्या भुंग्याची अंडी फुटू शकतात. हिंगोली-वसमतच्या हळद व्यापाऱ्यांना हा तपकिरी भुंगा नवा नाही, कारण तोच साठवलेल्या हळकुंडांनाही भोके पाडतो. म्हणून नवी पेटी आली की सिगार दुहेरी झिप पिशव्यांत बंद करून तीन दिवस फ्रीझरमध्ये, नंतर एक दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आणि मग खोलीत ठेवावेत. थेट बाहेर काढल्यास पान तडकते. हळद-धण्यांच्या साठ्याशेजारी डबा ठेवू नये, हे ओघानेच आले.

प्रवासात वाळलेला सिगार पाण्याचा हात लावून मऊ करण्याचा प्रयत्न करू नये. आधी 62 टक्क्यांच्या पुडीसोबत दोन-तीन आठवडे आणि मग 65 टक्क्यांवर ठेवला, तर तो फुटल्यावाचून मऊ होतो, मात्र उडून गेलेली तेले परत येत नाहीत. वर्धापनदिनाची पट्टी जपून ठेवायची असल्यास ती सुरुवातीलाच ओढून काढू नये. ती सहसा झाडाच्या डिंकाने चिकटवलेली असते आणि कधी कधी पानालाही चिकटून बसते, त्यामुळे सिगार पेटवल्यावर त्या भागापर्यंत ऊब पोहोचून डिंक सैल झाला की मगच ती सोडवावी.