ई-साइन केलेल्या करारावर ‘व्हॅलिडिटी अननोन’ दिसतंय? माझा अनुभव

पुण्यात ताबा घेण्याआधी फ्लॅटची तपासणी करून देण्याचं माझं काम आहे. करारावर ग्राहक आधार ओटीपीने ई-साइन करतात. पण पीडीएफ अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडली की सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह आणि ‘व्हॅलिडिटी अननोन’. ग्राहक विचारायचे, "सही खोटी आहे का?" फार मनस्ताप झाला.

पुन्हा सही घेतली, रीडर अपडेट केला, फरक शून्य. प्रिंट टू पीडीएफ करून तर सहीचं नुसतं चित्र उरलं.

सही खरीच होती. भारतातल्या डिजिटल सहीच्या प्रमाणपत्रांचं मूळ ‘सीसीए इंडिया’ (ही प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थांवरचं सरकारी नियंत्रक कार्यालय) आहे आणि माझ्या रीडरच्या विश्वासू यादीत ते नव्हतं.

संगणकावरच करा, मोबाइलवर नाही. सहीवर क्लिक, मग ‘सिग्नेचर प्रॉपर्टीज’, मग ‘शो साइनर्स सर्टिफिकेट’. डावीकडच्या साखळीत सगळ्यात वरचं ‘सीसीए इंडिया’ निवडा. ग्राहकाचं नाव निवडलंत तर पुढच्या ग्राहकाला पुन्हा तेच. ‘सीसीए इंडिया’ प्रमाणपत्राचा ठसा (म्हणजे त्याची ओळख पटवणारी अंक-अक्षरांची लांब ओळ) सीसीएच्या सरकारी संकेतस्थळावरच्या मूळ प्रमाणपत्राशी जुळवा, ही पायरी गाळू नका. मग ‘ट्रस्ट’ टॅब, ‘अ‍ॅड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स’, ‘यूज धिस सर्टिफिकेट अ‍ॅज अ ट्रस्टेड रूट’वर खूण, ओके. शेवटी ‘व्हॅलिडेट सिग्नेचर’. हिरवी खूण येते.

ग्राहकाच्या संगणकावर हे वेगळं करावं लागतं. मी आता कराराच्या ईमेलमध्येच या पायऱ्या लिहितो. सहीनंतर फाइल कॉम्प्रेस किंवा मर्ज करू नका. मूळ पीडीएफच जपून ठेवा.