मूळव्याधीत सुरण, ताक आणि इसबगोल

मूळव्याधीचं दुखणं लोक लाजेनं अंगावर काढतात. तसं करू नका. निम्मा त्रास कुंथण्यामुळे होतो, म्हणून आधी शौच मऊ व्हायला हवी.

त्यासाठी सगळ्यात भरवशाचं म्हणजे इसबगोल. रात्री जेवणानंतर एक ते दोन चमचे, मोठ्या पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं. ठेवलं तर त्याची खळ होते. दिवसभर पाणीही भरपूर हवं, नाहीतर ते उलट घट्ट बसतं. इतर औषधं चालू असतील तर मध्ये दोन तासांचं अंतर ठेवा.

सुरणाला संस्कृतात ‘अर्शोघ्न’ म्हणतात, म्हणजे मूळव्याध घालवणारा. चोथा भरपूर असल्यानं पोट साफ व्हायला मदत होते. चिरताना हाताला तेल लावा, फोडी चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यात उकडा, ते पाणी फेकून द्या आणि मगच कमी तिखटाची भाजी करा. कच्चट राहिला की घसा खाजलाच! मुतखडा असणाऱ्यांनी मात्र सुरण टाळावा.

दुपारी जिरेपूड, सैंधव घातलेलं पातळ ताक घ्या. आग होत असेल तर टबात सोसवेल इतक्या कोमट पाण्यात १०-१५ मिनिटं बसा, फार बरं वाटतं. शौचाला मोबाइल नेऊ नका.

रक्त पडत असेल तर ‘मूळव्याधच असणार’ असं घरी ठरवू नका, डॉक्टरांना दाखवा. चाळिशी उलटलेल्यांनी तर नक्कीच.