साधी सॅक की डिस्क गोल्फची खास बॅग? या चुका टाळा

डिस्क गोल्फ म्हणजे चकती (डिस्क) फेकत कमीत कमी फेकींत ठरलेल्या टोपलीत पोहोचवण्याचा खेळ. त्याच्या बॅगेची निवड बहुतेक जण किंमत पाहून करतात आणि पहिली चूक तिथेच होते. अमेरिकेत हा खेळ मुख्यतः सार्वजनिक उद्यानांत विनाशुल्क खेळता येत असल्यामुळे डिस्कच्या पहिल्या संचापेक्षा बॅगच महाग पडते, हे नवख्या खेळाडूला खटकते आणि घरातली जुनी सॅक कामाला लावावीशी वाटते. त्यात गैर काही नाही. मात्र सॅक आतून मोजल्याशिवाय ती कापायला कात्री हातात घेऊ नये.

मोजायची असते ती खोली. पीडीजीए (प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन) या खेळाच्या संघटनेच्या तांत्रिक निकषांनुसार डिस्कचा व्यास 21 सेंटिमीटरपेक्षा कमी चालत नाही. खास बॅगेत डिस्क कपाटातल्या पुस्तकांप्रमाणे कडेवर उभ्या राहतात आणि त्यासाठी पाठीकडून पुढच्या बाजूपर्यंत 22-23 सेंटिमीटर जागा लागते. शाळा-कॉलेजच्या सॅकची खोली सहसा एवढी नसते. मग डिस्क एकावर एक आडव्या रचाव्या लागतात आणि हवा असलेला पटर (टोपलीजवळच्या छोट्या फेकीची डिस्क) नेमका तळाशी जातो. अठरा होलच्या (टप्प्यांच्या) एका फेरीत पन्नास-साठ वेळा डिस्क काढायची-ठेवायची असल्यामुळे ही गैरसोय लहान राहत नाही.

खोली पुरेशी असेल, तर सॅक अवश्य वापरावी, पण डिस्क उभ्या धरून ठेवणारा आतला साचा पुठ्ठ्याचा करू नये. दवाने भिजलेल्या गवतावर वारंवार टेकवल्यावर पुठ्ठा मऊ पडतो, त्याच्या भिंती आत वाकतात आणि डिस्क अडकू लागतात. प्लायवूड टिकते, पण विनाकारण वजन वाढवते. माझ्या मते कोरुगेटेड (आतून पन्हळी) प्लास्टिकची शीट सर्वांत योग्य. साच्याची उंची 14-15 सेंटिमीटरच ठेवावी, म्हणजे डिस्कचा वरचा भाग मोकळा राहून ती दोन बोटांनी सहज उचलता येते. पुढचे कापड कापून तोंड मोठे केले असेल, तर कड दुमडून शिवावी. नाहीतर धागे चेनमध्ये अडकतात.

याच्या उलट चूक म्हणजे सुरुवातीलाच वीस-पंचवीस डिस्कची बॅग घेणे. पटर, मध्यम अंतराची मिडरेंज आणि लांब फेकीचा फेअरवे ड्रायव्हर अशा तीन डिस्कवर शिकणाऱ्याचे भागते. मोठ्या कप्प्यात त्या कलंडत राहतात आणि जागा भरण्यासाठी, अजून हाताळताही न येणारे वेगवान ड्रायव्हर विकत घेतले जातात. अशा खेळाडूला सहा ते दहा डिस्क मावतील अशी खांद्यावरची छोटी बॅग पुरते.

वजनाचा हिशेबही आधी करावा. नियमाने व्यासाच्या दर सेंटिमीटरला 8.3 ग्रॅम एवढीच मुभा असल्यामुळे 21 सेंटिमीटरची डिस्क जास्तीत जास्त 174 ग्रॅमची असते. अशा वीस डिस्क म्हणजे जवळजवळ साडेतीन किलो, त्यात पाणी वेगळे. बॅग खोल असल्यामुळे हा भार पाठीपासून दूर जातो आणि खांदे मागे ओढले जातात, म्हणून छातीवरचा पट्टा आणि जाड गादीचे खांदापट्टे यांबाबत तडजोड करू नये. दुकानात रिकामी बॅग पाठीला लावून पाहण्यात अर्थ नाही. आपल्या डिस्क आणि भरलेल्या बाटल्या आत घालून ती काही वेळा उचलावी, खाली ठेवावी. सपाट फरशीवरच पुढे कलंडणारी बॅग उतारावरच्या टीपॅडजवळ (पहिली फेक करण्याच्या जागेजवळ) मुळीच उभी राहणार नाही.