राहुकाळ आपल्या गावच्या सूर्यावरून काढा

कॅलेंडरवर रविवारचा राहुकाळ साडेचार ते सहा असतो, म्हणून संध्याकाळी सहा वाजता पेरणीच्या तिफनीची पूजा मांडली, तर मृगाच्या दिवसांत ती नेमकी राहुकाळातच येते. ते कोष्टक सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असा दिवस धरून केलेलं आहे.

1. गावचा सूर्योदय-सूर्यास्त मोबाईलवर पाहा. जूनच्या सुरुवातीला नागपूरकडे साधारण 5:30 आणि 6:50.
2. मधल्या वेळेचे 8 भाग करा. इथं एकेक 100 मिनिटांचा.
3. राहुकाळाचा भाग: सोम 2, मंगळ 7, बुध 5, गुरु 6, शुक्र 4, शनि 3, रवि 8.

म्हणजे रविवारी 5:10 ते 6:50. किती फरक पडला बघा!

तिथी संपण्याची वेळ मात्र अशी बदलू नका, ती देशभर एकच असते.