हॉट रॉडचे पुढचे जॉइंट निवडताना या चुका टाळा

जुन्या जीपच्या चेसिसवर हॉट रॉड, म्हणजे हौसेने बदलून ताकदवान केलेली गाडी, बांधणारी पोरं इंजिनावर महिना-महिना वाद घालतात आणि पुढच्या चाकांच्या स्टिअरिंग-सस्पेन्शनचे जॉइंट मात्र चकाकी बघून उचलतात.

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याला उघडा रॉड एंड (कडीत फिरणारा गोळा, वर बूट नाही), तोही बोल्टावर एकाच बाजूने लटकवलेला. मालवणकडची अशीच एक गाडी ओढून माझ्याकडे आणली. बंदराच्या उतारावर स्टिअरिंग फिरलं, डावं चाक सरळच राहिलं. वेग नव्हता म्हणून दगडी गडग्यावर आपटून निभावलं. तुटलेल्या बोल्टाचं तोंड उजेडात धरलं, तर अर्ध्याहून जास्त भाग गंजून काळा-तांबूस आणि उरलेला चकचकीत राखाडी. म्हणजे चीर जुनी, रोज थोडी पुढे सरकणारी. मालक म्हणतो, ‘‘काका, जाड बोल्ट टाकूया.’’ अरे बाबा, वॉशरांची चळत रचून जॉइंट चाक वळवणाऱ्या आर्मपासून लांब नेलास, आता प्रत्येक खड्ड्यात बोल्ट वाकणारच! पट्टी दोन्ही बाजूंनी हवी, जॉइंट मधोमध. शिवाय गोळा ज्या कडीत बसतो तिच्या भोकापेक्षा मोठा जाड वॉशर लावा, म्हणजे गोळा निखळला तरी दांडा सुटत नाही. बोल्ट तुटण्यावर मात्र तो इलाज नव्हे.

आणि मुळात इथे उघडा रॉड एंड हवाच कशाला? रेसच्या गाडीचे जॉइंट सारखे तपासून बदलतात. आपल्याकडे खारं वारं, तांबडा चिखल आणि चार महिने पाऊस. रस्त्यावरच्या गाडीला मी रबर बूट आणि ग्रीस निप्पलवाला टाय रॉड एंडच, म्हणजे कंपनीच्या गाडीत असतो तसा बंद जॉइंट, लावतो. गावठी दिसतो, दिसू दे.

दुसरी चूक टेपरची, म्हणजे जॉइंटची पिन आणि आर्मचं भोक किती निमुळतं आहे त्याची. एका गाडीचा टाय रॉड एंड दुसरीच्या आर्ममध्ये ‘बसतोय की’ म्हणून ठोकतात. पिन मार्करने रंगवा, कोरड्या भोकात दाबून थोडी फिरवा आणि काढून बघा. रंग सगळीकडे घासला तर ठीक. नुसती वर किंवा खाली कडी उमटली तर टेपर वेगळा. नट कितीही आवळा, जॉइंट डुलणार. साध्या ड्रिलने भोक मोठं करणाऱ्याला मी गॅरेजमध्ये उभा करत नाही. निमुळतं भोक कापणारा टेपर रीमर आणा, नाहीतर दुसरा आर्म.

सस्पेन्शनच्या ज्या आर्मवर स्प्रिंग टेकते, तिथला बॉल जॉइंट भार पेलणारा हवा. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळा, मागे ढिला करू नका. काढलेला नायलॉक (नायलॉनची कडी असलेला नट) पुन्हा नको. फोर्ज केलेल्या टाय रॉडला वेल्डिंग? विचारूही नका. जॉइंट दांड्यावर पक्का धरणारा चेक नट विसरलात तर आटे खाऊन जातात.

शेवटी स्प्रिंग काढून चाक पूर्ण वर, पूर्ण खाली न्या आणि दोन्ही टोकांना स्टिअरिंग लॉकपर्यंत फिरवा. जॉइंट कुठेही अडता कामा नये. याला अर्धा दिवस जातो, म्हणून कोणी करत नाही. बूट कुठे चिमटतो तेही तेव्हाच दिसतं.