आधी एस्केप दाब

पहिल्या नोकरीत मी सर्व्हर सपोर्टला होते, रात्रपाळीला. एका रात्री फाइल उघडली तर काळा पडदा, माऊस काही करेना, टाइप केलं की भलतंच काहीतरी व्हायचं. सीनियरला फोन लावला. झोपेतच तो म्हणाला, "आधी एस्केप दाब. आता कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर." बाहेर पडले. विम म्हणजे टर्मिनलमध्ये, हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत, चालणारा मजकूर लिहायचा एडिटर. त्याचा माझा पहिला धडा हा असा, पळून कसं जायचं त्याचा. उद्गारचिन्ह म्हणजे केलेले बदल सोडून दे. ठेवायचे असतील तर कोलन, डब्ल्यू, क्यू.

विममध्ये आपण उघडताक्षणी लिहीत नसतो. प्रत्येक कळ हा हुकूम असतो. 'आय' दाबला की लिहिता येतं, खाली 'इन्सर्ट' असं दिसतं. एस्केप दाबलं की परत हुकूम. आपण कुठे आहोत ते कळेनासं झालं तर दोनदा एस्केप दाबा, काही बिघडत नाही. (मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू राहिला असेल तर मात्र जे दाबल्यावर 'र' जातो आणि विम ढिम्म हलत नाही. मी एकदा यात दहा मिनिटं घालवली आहेत.)

कर्सर डावीकडे एच, खाली जे, वर के, उजवीकडे एल. हीच अक्षरं का? बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास व्हीआय नावाचा एडिटर लिहिला तो एडीएम-३ए टर्मिनलवर (पडदा आणि कीबोर्डचं, कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र), आणि त्याच्या याच कळांवर बाण छापलेले होते. विम हा त्या व्हीआयचाच पुढचा अवतार.

या जे-नेच माझा घात केला. होस्ट्स फाइलमध्ये (कुठल्या सर्व्हरचं नाव कुठल्या आयपी पत्त्याचं, याची यादी) एक पत्ता बदलायचा होता. कॅप्स लॉक चालू राहिलेला. खाली जायला तीनचार वेळा जे दाबला, आणि मोठा जे खाली नेत नाही, खालची ओळ वरच्या ओळीला जोडतो. चार सर्व्हरची नावं एकाच आयपीच्या मागे जाऊन बसली. मी न बघता सेव्ह करून बाहेर. पाच मिनिटांत ॲप्लिकेशनला डेटाबेस सापडेना. फाइल उघडी असती तर 'यू' दाबत मागे जाता आलं असतं (फार मागे गेलात तर कंट्रोल-आर पुढे आणतं), पण बंद केल्यावर ती सोय गेली. तेव्हापासून सर्व्हरवरच्या फाइलला हात लावण्याआधी सीपी या कॉपीच्या हुकुमाने तिची प्रत करतेच.

बाकी यादी पाठ करत बसू नका. मराठीत आपण 'हा शब्द काढ' म्हणतो, विमला 'काढ शब्द' असं उलटं सांगायचं: डी म्हणजे काढ, डब्ल्यू म्हणजे शब्द. डीडी दाबलं की अख्खी ओळ जाते, वायवाय तिची नक्कल घेतं, पी ती खाली चिकटवतं. मला सगळ्यात उपयोगी पडतं ते सी, आय आणि दुहेरी अवतरणचिन्ह. अवतरणातला मजकूर उडतो आणि लगेच नवा लिहिता येतो. पासवर्ड किंवा पोर्ट बदलायला याच्यासारखं दुसरं नाही. तोच बदल पुढच्या ओळीतही हवा असेल तर तिथे जाऊन नुसता टिंब दाबायचा. शोधायला तिरकी रेघ आणि शब्द, पुढचा सापडायला एन.

विंडोजची सवय असेल तर हात आपोआप कंट्रोल-एसवर जातो, आणि जुन्या विममध्ये टर्मिनल गोठतं. मशीन हँग झालं समजून मी खिडकीच बंद केली होती. कंट्रोल-क्यूने ते सुटतं. खिडकी बंद करून झालीच असेल तर पुढच्या वेळी फाइल उघडताना विम स्वॅप फाइलबद्दल (काम चालू असताना तो स्वतः ठेवतो ती तात्पुरती फाइल) भलामोठा इशारा देतो. घाबरू नका, आर दाबलं की न जपलेलं बरंचसं परत मिळतं. मग सेव्ह करून ती स्वॅप फाइल उडवायची.

माझ्या लॅपटॉपवर मी कॅप्स लॉकचीच कळ एस्केप करून टाकली आहे. दुसऱ्याच्या मशीनवर बसले की मात्र माझे मेल कॅपिटलमध्ये ओरडत जातात.